पल्परचे सहा पट्टे

सेवेतली बरीच प्रकरणे आता स्मरणात एकमेकांत मिसळून गेली आहेत. आंब्याच्या कारखान्यातले ते तीन दिवस मात्र अजून वेगळे राहिले आहेत, आणि ते मला पूर्णपणे उमगले असे आजही म्हणवत नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. चोरीस गेलेला माल म्हणजे सहा रबरी पट्टे; कोणत्याही यंत्रसामानाच्या दुकानात मिळतात तसले. कारखानदारांना आणि कामगार संघटनेशी ज्यांचा संबंध येतो त्यांना ही हकीकत उपयोगी पडेल, असे एका स्नेह्यांनी सुचवले, म्हणून हे धाडस करतो आहे. नावे देत नाही, कारण यातली सगळी माणसे आजही रत्नागिरीच्या आसपासच राहतात आणि बाजारात भेटतात.

मे महिन्याचा मध्य होता. सकाळची हजेरी संपून मी ठाणे दैनंदिनीवर सही करत होतो. टेबलावर नेहमीप्रमाणे पासपोर्ट पडताळणीच्या अर्जांचा गठ्ठा होता. आमच्या हद्दीत हे काम मोठे. किनाऱ्यावरच्या गावांतून घरटी एखादा माणूस आखातात असतो, त्यामुळे चोर्‍यामाऱ्यांपेक्षा हे अर्जच अधिक येत. तेवढ्यात औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे मालक आत आले. वय पस्तिशीच्या आत, इस्त्रीचा शर्ट, डोळे तांबारलेले.

"साहेब, मला गुन्हा नोंदवायचा आहे. चोरी आणि खंडणी."

"खंडणी किती मागितली?"

"अजून मागितली नाही. मागतील."

माझ्याशेजारी उभ्या असलेल्या हवालदारांनी खिडकीबाहेर पाहिले. हे हवालदार इथलेच, बंदराजवळच्या वस्तीतले. मी घाटावरून आलेला. इथली माणसे जे बोलत नाहीत ते त्यांना ऐकू येत असे, आणि मला बहुधा तेवढेच ऐकू येत नसे.

मालकांनी सांगितलेली हकीकत अशी. आंब्याचा रस काढून डब्यांत भरण्याचा तो कारखाना त्यांच्या काकांनी उभारलेला. काका दिवाळीनंतर वारले. त्यांना मूलबाळ नव्हते, तेव्हा मुंबईतली नोकरी सोडून पुतण्याने कारभार हाती घेतला. युनियनशी झालेल्या कराराची मुदत मार्चअखेर संपली होती. युनियनचे मागणीपत्र आले होते आणि मालकांनी त्याला उत्तर दिले नव्हते. आदल्या दिवशी हंगाम सुरू करायचा म्हणून पाहतात तो रस काढणाऱ्या दोन्ही यंत्रांचे, म्हणजे पल्परचे, पट्टे गायब.

"नवे पट्टे मिळत नाहीत का?" मी विचारले.

"मिळतात. कालच आणले. बसवायला कोणी तयार नाही! काकांच्या वेळचा फिटर मला सांगतो, आपाला विचारा."

"आपा कोण?"

"युनियनची कारखान्यातली प्रतिनिधी. रसाच्या लाइनवर काम करते. आता तुम्हीच सांगा साहेब, मालक मी आहे की ती?"

हा प्रश्न माझ्या अधिकारकक्षेतला नव्हता. पण माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. दुसरे पट्टे विकत मिळत असतील, तर पहिले चोरण्याला अर्थ काय? आणि पट्टे नुसते निमित्त असून कामगारांना काम बंद ठेवायचे असेल, तर तो वाद कामगार आयुक्तांच्या कचेरीत न्यायचा. काम नाकारणे हा काही आम्ही बेड्या घालण्याचा विषय नव्हे. दुसरीकडे, माल मालकांचा होता आणि तो जागेवर नव्हता, हेही खरे. मी अर्ज ठेवून घेतला, आवक नोंदवहीत चढवला आणि उपअधीक्षकांना दूरध्वनीवरून कल्पना देऊन तो चौकशीवर ठेवला. हा निर्णय नियमांत तंतोतंत बसत होता की नाही, याची मला तेव्हाही खात्री नव्हती.

कारखान्यात पोहोचलो तेव्हा आंब्याचा वास फाटकाबाहेर येत होता. क्रेटवर क्रेट रचलेले होते. पिकलेला आंबा दोन-तीन दिवसांपलीकडे थांबत नाही, हे मला मालकांनी वाटेत दोनदा सांगितले होते. शेडच्या सावलीत चाळीसएक बायका डोक्याला कापडी टोप्या बांधून बसल्या होत्या. काही आतल्या गावांतल्या कुणब्यांच्या, काही खाडीकाठच्या मोहल्ल्यातल्या. घोषणा नव्हत्या, फलक नव्हता. कामाच्या वेळेला येऊन, हजेरी लावून, त्या बसून होत्या.

"बाय गो, पट्ट्यापायी जीप!" त्यांच्यातली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली. "माजी म्हस गेली तवा शिपाय पन आला नव्हता."

सगळ्या हसल्या. आमचे हवालदारही हसले, मग माझ्याकडे पाहून गंभीर झाले.

पंचनामा केला. दोन्ही यंत्रांच्या चाकांवर पट्टे नव्हते. नवे पट्टे पाकिटांतून न काढता जमिनीवर तसेच पडले होते. फिटर साठीच्या आसपासचे, शांत चेहऱ्याचे गृहस्थ होते. मी विचारले, "काका, जुने पट्टे कोणी काढले?"

"मीच."

"कधी?"

"गेल्या पावसाच्या तोंडाला. हंगाम संपला, काढले. दरसाल मीच काढतो."

"मग ते गेले कुठे?"

"दिले."

"कुणाला?"

"ज्येच्याकडं द्यायचे त्येच्याकडं."

"आणि हे नवे का बसवत नाही?"

"आपानं दिल्याशिवाय पट्टा चढत नाय साहेब. रीत हाय."

तो शब्द मी त्या दिवशी किती वेळा ऐकला असेन! सात-आठ बायकांचे जबाब घेतले. प्रत्येकीचे उत्तर तेच. रीत हाय. कसली रीत, कोणी घातली, कशासाठी, असे पुढे विचारले की एक दुसरीकडे पाही आणि दुसरी तिसरीकडे. लपवाछपवीत माणसे एकमेकांकडे कशी पाहतात ते मला ठाऊक आहे. ही नजर तशी नव्हती. पण मग ती कशाची होती, तेही मला सांगता येईना.

दुपारी ठाण्यात परतलो तोच फोन वाजला. पुरुषी आवाज होता. "ते पट्टे आपाच्या घरी आहेत. तांदळाच्या पिंपात." एवढे बोलून फोन ठेवला गेला.

हवालदार म्हणाले, "कारखान्यातला सुपरवायझर असणार, साहेब. नव्या मालकांना खूश करतोय. पण खोटा नसंल बोलत."

महिला शिपायाला बरोबर घेऊन आम्ही मोहल्ल्यात गेलो. गल्ली अरुंद, जीप तोंडाशी उभी करावी लागली. आपांनी स्वतःच दार उघडले. पन्नाशीच्या, उंच, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी आधी पाणी आणले, मग विचारले, "पट्ट्यासाठी आलात?"

"हो."

त्या आत गेल्या आणि जुन्या ओढणीत बांधलेले एक गाठोडे घेऊन आल्या. सोडून पाहिले. सहा पट्टे, एकात एक नीट गुंडाळलेले, आणि सगळ्यांवर पांढरी भुकटी.

"ही काय लावली आहे?"

"अंगाला लावायची पावडर, साहेब. पावसाळ्यात रबर चिकटता, मग तडकता."

"म्हणजे हे पट्टे कारखान्यातले आहेत, हे तुम्हाला मान्य आहे?"

"कारखान्यातलेच की. माज्या घरात यंत्र कुठं हाय?"

"मग हे चोरीस गेल्याची तक्रार आहे, बाई."

"चोरलेले नाय. ठेवलेले हायत."

चोर माल लपवतो. त्याची निगा राखत नाही. तीस वर्षांच्या नोकरीत चोरीच्या मालाला पावडर लावलेली मी पाहिली नव्हती. पण माल त्यांच्या घरात मिळाला होता आणि तो मालकांना परत देण्याचे त्या नाव काढत नव्हत्या. मी पंचांसमक्ष पट्टे ताब्यात घेतले आणि बाईंना जबाबासाठी ठाण्यात चला म्हणालो. त्या चप्पल घालून निघाल्या. गल्लीत बायका आणि मुले दारादारांत येऊन उभी राहिली होती. महिला शिपायाबरोबर आपा जीपमध्ये चढल्या, आणि आम्ही निघालो.

ठाण्यात जबाबाच्या कागदावर पूर्ण नाव लिहीत होतो, तेव्हा हवालदारांनी पासपोर्टच्या गठ्ठ्यातला एक अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. नाव तेच, पत्ता तोच. पतीच्या आजारपणामुळे तातडीने परदेशी जाणे, असे कारण सोबतच्या पत्रात होते. हवालदारांनी नंतर बाहेर नेऊन सांगितले, की तिचा नवरा आखातात एका कंपनीच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया ठरली आहे, आणि पहिल्यांदाच ती देशाबाहेर पाऊल टाकणार आहे. अर्ज चार दिवसांपासून माझ्या सहीसाठी पडून होता. तिच्यावर गुन्हा नोंदवला, तर पडताळणीच्या अहवालात तो लिहावा लागणार, आणि मग पासपोर्ट केव्हा मिळेल ते न्यायालयाच्या परवानगीवर. शस्त्रक्रिया काही थांबणार नव्हती.

हे सगळे तिला माहीत होते. तिने त्याचा उच्चारही केला नाही.

मी आत येऊन बसलो. "आपा, पट्टे मालकांना देऊन टाका. मी अर्ज मिटवायला सांगतो. तुमच्या दृष्टीने तेच सोयीचे आहे."

"तुमी घेतलेच हायत ना साहेब. द्या त्यांना. पण मी दिले असा नाय म्हणनार."

"का?"

"मी दिले म्हटल्यावर बायका यंत्रावर बसतील. त्या माज्यावर इश्वास ठेवून बसतील. आनि रीत झालेली नाय."

"म्हणजे कराराच्या मागण्यांसाठी हे नाही?"

"मागण्यांचा कागद टाउनातल्या युनियनच्या हापिसानं दिलाय. त्येचा आनि ह्येचा काय संबंध?"

"मग रीत म्हणजे काय?"

"मालकांनी नारळ नाय दिला."

मी लेखणी खाली ठेवली. एका नारळासाठी चाळीस बायका बसून आहेत, शेकडो क्रेट आंबा सडतो आहे, आणि ही बाई नवऱ्याच्या शस्त्रक्रियेला मुकायला तयार आहे, हे मला पटेना. त्या दिवशी तिला समज देऊन घरी पाठवले आणि मालकांना फोन करून नारळाची गोष्ट सांगितली.

"नारळ?" ते ओरडलेच. "साहेब, पाडव्याला मी भटजी बोलावून ऑफिसात रीतसर पूजा केली. नारळ, होम, सगळं झालं. आता आणखी कसला नारळ? बरं, पाठवतो. हवे तेवढे पाठवतो."

आणि त्यांनी खरोखरच पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरने नारळांचे पोते आणून बायकांच्या पुढ्यात ओतले. मी तिथे पोहोचलो तेव्हा नारळ शेडमध्ये इतस्ततः पडले होते आणि बायका कालच्यासारख्याच बसल्या होत्या. फरक इतकाच, की काल त्या हसत होत्या आणि आज हसत नव्हत्या.

"ह्ये काय, आमचा बाजार भरवलाय?" म्हशीवाली म्हातारी सुपरवायझरला म्हणाली. "घेऊन जा आनि तुज्या घरात चटनी कर."

मालकांचा संयम सुटला. "नारळ मागितला, नारळ दिला! आता काय हवंय? साहेब, बघा तुम्ही. मी म्हणत होतो ना? आज नारळ, उद्या आणखी काही. आत्ताच्या आत्ता गुन्हा नोंदवा, नाहीतर मी अधीक्षकसाहेबांकडे जातो."

त्यांचे म्हणणे चुकीचे वाटत नव्हते. खरे सांगायचे तर त्या क्षणी मी गुन्हा नोंदवायच्याच विचारात होतो. एका बाजूला कागद स्पष्ट होता: माल, मालक, मालाचा ताबा. दुसऱ्या बाजूला एक शब्द, ज्याचा अर्थ तो उच्चारणाऱ्यांनाही सांगता येत नव्हता. शेवटचा एक जबाब म्हणून मी आपांना बाजूला बोलावले. फिटरकाकाही आले.

"आपा, आता मला नीट सांगा. मालक नारळ देतात तेव्हा तुम्ही काय करता?"

"माजा नारळाशी काय संबंध, साहेब? नारळ फिटरकाकांचा, देवाचा. माजा पट्टा."

"बरं, पट्ट्याचं काय करता? सुरुवातीपासून सांगा. दार उघडल्यापासून."

त्या सांगू लागल्या आणि मी शब्दशः लिहू लागलो. आधी मालक स्वतः येऊन यंत्राशेजारी उभे राहतात. फिटर झाकण उघडून आतली पाती सगळ्यांना दाखवतो. मग तो चाक हाताने तीन वेळा फिरवतो. लाइनवरची एक बाई केळीचा दांडा घेऊन यंत्राच्या तोंडावरच्या जाळीत घालते आणि तो पात्यापर्यंत पोहोचत नाही हे बघते. मालक लाल बटण स्वतः दाबून बघतात. मग ते आपांकडे वळून विचारतात, "बरा हाय?" आपा म्हणतात, "बरा हाय." त्यानंतर त्या पट्टे फिटरच्या हातात देतात. पट्टे चढतात. आणि मग नारळ फुटतो.

"आणि आपा 'बरा नाय' म्हणाल्या तर?"

"तर पट्टा चढत नाय," फिटर म्हणाले. "एकदा झालाय. जाळीचा टाका सुटला व्हता. मोठ्या मालकांनी वेल्डर बोलावला, आनि दुपारपात्तुर सगळी बसली व्हती."

लिहून झालेला कागद मी सवयीप्रमाणे वाचून पाहिला. असले कागद मी आयुष्यभर लिहिले होते. स्थळ, वस्तू, तिची स्थिती, दोन्ही बाजूंच्या माणसांची हजेरी, पाहणी, आणि शेवटी संमती. ही पूजा नव्हती. हा पंचनामा होता. देवाचा भाग फक्त शेवटच्या नारळापुरता होता, आणि सगळ्यांनी, त्या बायकांनीसुद्धा, रीतीला नाव मात्र नारळाचे दिले होते.

"हे कोणी सुरू केलं, आपा?"

"माज्या आधी रसाच्या लाइनीवर जी बाई व्हती तिच्याकडं पट्टा असायचा. तिच्या आधी आनिक कोनाकडं. कोनाचा तरी हात गेला व्हता म्हनतात. कोन म्हनता उजवा, कोन म्हनता बोटांच गेली. आमी काय बगितलेला नाय."

हात गेला असेल, तर अपघाताची नोंद असणार. आणि नोंद असेल, तर त्यानंतर काहीतरी लिहिले गेले असणार. मी मालकांना म्हणालो, "दोन तास द्या." त्यांनी घड्याळ पाहिले, आंब्यांकडे पाहिले, आणि मान हलवली.

सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जुन्या नोंदवह्या एका लोखंडी कपाटात होत्या. अधिकारी तरुण होते, पण त्यांना आपल्या कपाटाची माहिती होती. दीड तासाने एक पिवळी फाइल सापडली. समझोता करार. एका बाजूला मालकांच्या काकांची सही, दुसऱ्या बाजूला संघटनेच्या तेव्हाच्या सरचिटणीसांची. प्रस्तावनेत पल्परवर झालेल्या अपघाताचा उल्लेख, आणि कलम अकरामध्ये असे लिहिलेले: हंगामाच्या अखेरीस पल्परचे पट्टे उतरवून कामगार प्रतिनिधीच्या ताब्यात राहतील, पुढील हंगामापूर्वी मालक व प्रतिनिधी यांनी संयुक्तपणे यंत्राची व जाळीची पाहणी करावी, पाहणी समाधानकारक झाल्यावरच पट्टे चढवावेत.

केळीचा दांडा करारात नव्हता. तीन वेळा चाक फिरवणेही नव्हते. ते पुढच्या माणसांनी आपापल्या अकलेने घातले होते.

मी विचारले, "पण मालक म्हणतात, करार मार्चमध्ये संपला."

"तो पगाराचा करार, साहेब. नंतरचा. त्यात शेवटी एक ओळ आहे बघा, की आधीच्या ज्या अटींना यात हात लावलेला नाही त्या चालू राहतील. आणि मुदत संपली म्हणजे करार संपला, असं होत नाही. दोघांपैकी एकानं लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटिशीनंतरही तो दोन महिने चालतो. मालक बदलला तरी वारसाला तो बांधतो."

"म्हणजे पट्टे तिच्याकडे असणं..."

"तिचं काम आहे. ठेवले नसते, तर तिनंच करार मोडला असता."

मी प्रत घेऊन परतलो. मालकांनी कलम अकरा दोनदा वाचले. मग तिसऱ्यांदा. त्यांचा राग कुठे ठेवावा हे त्यांना समजत नव्हते, असे मला वाटले. "मग युनियननं हे मला सांगितलं का नाही? एक ओळ लिहिली असती. मी काय नाही म्हणणार होतो?"

आपा म्हणाल्या, "आमाला तरी कुठं ठावक व्हता?"

ते खरे होते. संघटनेच्या शहरातल्या कार्यालयात फोन केला, तर तिथल्या सचिवांकडेही ही प्रत नव्हती. कराराचे कलम दोन्ही बाजूंच्या कपाटांतून नाहीसे झाले होते. आमच्या हद्दीत ते शिल्लक होते फक्त एका बाईच्या तांदळाच्या पिंपात, आणि ते कलम आहे हे तिलाही माहीत नव्हते. ज्याचा अर्थ विस्मरणात गेला आहे अशा गोष्टीसाठी माणूस इतका ठाम कसा राहू शकतो, हे कोडे मला तेव्हा सुटले नाही. आजही सुटलेले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहणी झाली. मी ताब्यात घेतलेले पट्टे पावती करून आपांना परत दिले. मालक यंत्राशेजारी उभे राहिले. झाकण उघडले, चाक फिरले, म्हशीवाल्या म्हातारीने केळीचा दांडा जाळीत खुपसला. सगळे ठीक होते. एक टाकाही सुटलेला नव्हता. लाल बटण दाबून झाल्यावर मालकांना पुढचे शब्द आठवेनात. फिटरकाकांनी हळूच सांगितले. मालक अवघडून म्हणाले, "बरं आहे?"

"बरा हाय," आपा म्हणाल्या आणि पट्टे दिले.

बायका जागेवर जात असताना मालक मला म्हणाले, "बघा साहेब, काही निघालं का? तीन दिवस गेले, चौथा हिस्सा आंबा फेकावा लागणार."

ते त्यांनी हळू म्हटले होते, पण आपांनी ऐकले. "काय निघाला नाय म्हनून तं बोटां हायत, मालक," त्या म्हणाल्या, आणि टोपी बांधत लाइनकडे गेल्या.

मालकांनी त्याच दिवशी अर्ज मागे घेत असल्याचे लिहून दिले. नव्या कराराची बोलणी पुढे काही महिने चालली आणि ती सोपी नव्हती, असे कानावर आले. मात्र त्यांनी पहिल्याच बैठकीत सगळे जुने करार टेबलावर मागवले, आणि फिटरकाकांना शेजारी बसवून घेतले, असेही ऐकले.

मी कायद्याचा पंडित नाही. कारखान्याची सूत्रे हाती घेणाऱ्याने यंत्रांची यादी मागवावी तसे सगळे जुने करार मागवावेत आणि जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावेत, इतके मात्र मी सांगू शकतो. तारीख उलटली म्हणून कागद मेला, असे समजू नये. आणि कामगार एखाद्या गोष्टीला हटून बसले व त्यांना कारण सांगता येत नसेल, तर त्यांच्याकडे कारण नाही असे धरून चालू नये. कदाचित ते आपल्याच फाइलमध्ये असते. संघटनेच्या प्रतिनिधीलाही हेच लागू. ज्या कराराच्या आधारावर आपण उभे आहोत, त्याची प्रत जवळ असती, तर ते तीन दिवस गेले नसते. पोलिसांनी काय शिकावे, हे सांगणे मला सर्वांत कठीण जाते. मालकाने बोलावले म्हणून आपण जातो, तेव्हा आपण कायद्याच्या बाजूने जातो की मालकाच्या, हे जीपकडे पाहणाऱ्याला कसे कळावे? मला स्वतःलाच त्या दुपारी ते स्पष्ट नव्हते.

पासपोर्टचा अहवाल मी पाहणी झाली त्याच संध्याकाळी पूर्ण केला. गुन्हा प्रलंबित आहे काय, या रकान्यात 'नाही' लिहिले आणि सही केली. काही दिवसांनी आपा ठाण्यात आल्या. पासपोर्ट आला होता, तिकीट निघाले होते, शस्त्रक्रियेला अजून आठवडा होता. त्या उभ्याच राहिल्या.

"साहेब, एक विचारायचा व्हता. त्या दिशी मला जीपमधून आनलात, ते कुठं लिवलाय काय?"

"ठाणे दैनंदिनीत नोंद आहे," मी म्हणालो. "चौकशीकामी बोलावले, एवढीच. तिचा तुम्हाला कुठेही त्रास होणार नाही. विमानतळावर नाही, कुठेच नाही. तो कागद कोणी पाहणारही नाही."

त्यांनी मान हलवली. "कागदाचा नाय म्हनत मी," त्या म्हणाल्या. "कागद तुमी निस्तरलात. मोहल्ल्यात लिवलाय, तो कोन खोडनार?"

 मग त्या "येते" म्हणून निघून गेल्या.